तांबड्या कड्याची गाय

ग्लेनमूर, निमिटाबेल
३ एप्रिल २०२४

प्रिय लोर्ना,

‘मोनारो व्हाइटफेस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मांसासाठी तू तयार केलेले पत्रक पोहोचले. कागद उत्तम आहे, छपाई स्वच्छ आहे आणि मजकूर चुकीचा आहे.

‘सन १९८४ मध्ये अ‍ॅम्ब्रोज आणि डेस्मंड हार्कनेस या दोघा भावांनी जुनिपर नावाच्या एका गाईपासून हा कळप उभा केला, आणि तिच्या वंशातील गाई आज नदीच्या दोन्ही काठांवर चरत आहे,’ असे तू लिहितेस. वर्ष १९८४ नव्हे, १९८६. जुनिपर तेव्हा गाय नव्हती. नुकती जन्मलेली कालवड होती. तिचा कळप आम्ही दोघांनी मिळून उभा केला नाही. माझ्या गाई माझ्या होत्या, तुझ्या वडिलांच्या तुझ्या वडिलांच्या. कुरण आणि सेनेटर हा वळू, एवढेच काय ते सामाईक. तिच्या वंशातील जनावरे केवळ पलीकडच्या काठावर, तुझ्या ऊनामावशीकडे आहेत. माझ्या काठावर तसले एकही नाही. आणि गाई ‘चरत आहे’ नव्हे, ‘चरत आहेत’.

हे सारे मी एक वेळ दुर्लक्षिले असते. छायाचित्राकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही.

गेल्या आठवड्यात कूमाला व्हिन्सच्या मांसाच्या दुकानात गेलो होतो. थंड कपाटात ‘मोनारो व्हाइटफेस’ची वीस-बावीस पाकिटे उभी मांडलेली होती आणि प्रत्येक पाकिटावरून एकच गाय माझ्याकडे पाहत होती. पांढरे तोंड, आणि डाव्या डोळ्याभोवती तांबडे कडे.

व्हिन्स म्हणाला, “काय हार्कनेससाहेब, स्वतःचाच माल विकत घेताय?”

मी म्हणालो, “हा माल माझा नाही.”

“पाकिटावर नाव तर तुमचंच आहे! वाचून दाखवू? चष्मा विसरलात वाटतं.”

“चष्मा आहे. म्हणूनच म्हणतो.”

“बरं, माल कुणाचाही असो, खपतो झकास. बायका ती गाय बघूनच उचलतात. त्या डोळ्याला भुलतात बघा.”

काही न घेता मी बाहेर पडलो.

ते कडे कुठून आले, हे मला ठाऊक आहे; जुनिपरच्या डोळ्याभोवतीही तसेच होते. तो वंश वंशनोंदीतून रीतसर वगळलेला आहे. गिऱ्हाईक हेरेफर्ड या जातीच्या नावाला जास्त भाव देत असेल, तर त्याच्या पानात हेरेफर्डच पडले पाहिजे. तेव्हा छायाचित्र आणि मजकूर दोन्ही मागे घ्यावे. या पत्राची एक प्रत पशुपालकांच्या समितीकडे पाठवली आहे, कारण वंशनोंदीच्या बाबतीत ती अजूनही माझा शब्द अखेरचा मानते.

आशीर्वाद.

तुझा काका,
अ‍ॅम्ब्रोज हार्कनेस

*

मेलबर्न
१२ एप्रिल

प्रिय अ‍ॅम्ब्रोजकाका,

चुका सुधारल्या. ‘आहेत’ केलं. वर्षही बदललं.

फोटोचं मात्र ऐका. आम्ही चार फोटो घेऊन तीन दुकानांत उभे राहिलो होतो. एक तुमच्या बक्षीसवाल्या वळूचा होता. लोक म्हणाले, हा अंगावर येईल. एक नुसत्या कुरणाचा होता; कुणी बघितलाही नाही. मग ही गाय. एक म्हातारी पाकीट हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. मी विचारलं, “आजी, काय झालं?” तर म्हणाली, “हिनं मला ओळखलं असं वाटलं गं.” काका, नुसतं मांस सगळीकडेच मिळतं. लोक दोन पैसे जास्त देतात ते ओळख पटल्यावर.

आणि ते दोन पैसे कुठे जातात ते तुम्हाला तुमच्या खिडकीतून दिसतं. पाच वर्षांपूर्वी ऊनामावशीची जनावरं बाजारात नुसती ‘तांबडी’ म्हणून जायची. लिलाव पुकारणारा आकडासुद्धा जांभई देत सांगायचा. व्हाइटफेसमध्ये आल्यापासून तिला दर किलोला वरचा भाव मिळतो. तिची मुलगी ब्रिजिड खाणीतली नोकरी सोडून आईजवळ परत आली ती त्याच जोरावर.

आता तुमच्या प्रतीनं काय केलं ते सांगते. समितीनं ती सभेत मोठ्यानं वाचली. एक जुलैपासून ज्या जनावरांचा वंश नोंदीत नाही, ती व्हाइटफेसच्या नावानं विकता येणार नाहीत. म्हणजे मावशी बाहेर. तिच्याकडून गाई नेलेली आणखी दोन घरं बाहेर. शेवटचा निर्णय २४ जूनला आहे.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जुनिपरचं नाव काढलं की आई एवढंच म्हणायची, “तुझ्या काकाला विचार.” तिच्या हयातीत मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तो वंश का वगळला?

तुमची,
लोर्ना

*

ग्लेनमूर
२० एप्रिल

प्रिय लोर्ना,

विचारलेस ते बरे केलेस. ऐकीव गोष्टींपेक्षा नोंदी बऱ्या.

सेनेटर आमच्या कुरणात आल्याची नोंद १ नोव्हेंबर १९८५ची आहे. जुनिपर १८ जुलै १९८६ रोजी जन्मली. हे अंतर दोनशे एकोणसाठ दिवसांचे. गाय सुमारे दोनशे त्र्याऐंशी दिवस गाभण असते. चोवीस दिवस आधी जन्मलेले वासरू दुबळे निघते. जुनिपर मात्र पहिल्याच दिवशी उभी राहून आईला ढुशा देत होती. अर्थात ती सेनेटरची नव्हती. त्या ऑक्टोबरात शेजारच्या शॉर्टहॉर्न जातीच्या मिश्र वळूने आमचे कुंपण दोनदा मोडले होते. यापुढचे गणित शाळकरी मुलालाही सुटेल.

तुझ्या वडिलांनी मात्र कालवडीचा पिता म्हणून सेनेटरचे नाव लिहिले. जिल्ह्याचा वंशनोंदणी अधिकारी मी होतो. भाऊ म्हणून डोळेझाक केली असती तर माझ्या सहीला काय अर्थ उरला असता? गुरे डागण्याच्या आवारात आमचे बोलणे झाले, ते मला शब्दशः आठवते.

तो म्हणाला, “अरे दादा, बैल सप्टेंबरातच आला होता. मीच नाही का उतरवून घेतला!”

“कागद कुठे आहे?”

“कागद मागून आला. बैल आधी आला.”

“मालकी बदलल्याचा कागद १ नोव्हेंबरचा आहे, डेस. त्याआधी तो वळू आपला नव्हता.”

“आपला नव्हता, पण आपल्या गाईंत होता ना! कागदानं गाय गाभण राहत नाही, दादा!”

डागायला आलेली माणसे हसली. मी हसलो नाही. वंशनोंदणी मंडळापुढे चौकशी झाली आणि १४ ऑक्टोबर १९८६ रोजी जुनिपर, तिची आई आणि त्या हंगामातील तुझ्या वडिलांच्या सर्व कालवडी नोंदीतून वगळल्या गेल्या. ‘खोटी नोंद करणारा पैदासकार’ असा शेरा तुझ्या वडिलांच्या नावापुढे पडला. पुरावा म्हणून मी जुनिपरच्या शेपटीचे केस मुळांसकट उपटून, लखोट्यात घालून मोहोरबंद केले होते. त्या काळी त्यांचा उपयोग नव्हता, पण पुरावा जपून ठेवण्याची माझी रीत आहे.

पुढील वर्षी ९ जून रोजी नदीच्या उतारावर अपघात झाला. ते तुला ठाऊक आहे.

तुझा काका,
अ‍ॅम्ब्रोज

*

मेलबर्न
२७ एप्रिल

प्रिय काका,

केस आहेत! मुळांसकट! हे तुम्ही इतकं सहज लिहून गेलात, आणि मी ती ओळ उभ्यानं चारदा वाचली.

आजकाल व्हाइटफेसच्या प्रत्येक वळूचा वंश शेपटीच्या केसांवरूनच तपासतो. जुन्या केसांवरूनही निघतो, कोरडे राहिले असले तर. सेनेटरचं गोठवलेलं वीर्य बोंबालाच्या साठ्यात अजून आहे; फोन करून विचारलं. तीन आठवड्यांत कळेल जुनिपर कुणाची होती ते. शेजारच्या बैलाची निघाली तर मी स्वतः फोटो काढून टाकीन, मावशीलाही मीच सांगीन. सेनेटरची निघाली तर २४ जूनच्या आत समितीपुढे ठेवता येईल. लखोटा पाठवा.

आणि एक विचारू? रागावू नका. बाबा म्हणत होते सप्टेंबर, तुम्ही म्हणता नोव्हेंबर. बाबांनी बैल ट्रकमधून उतरताना बघितला होता. तुम्ही कागद बघितला होता. त्या सप्टेंबरात तुम्ही कुठे होतात?

लोर्ना

*

ग्लेनमूर
२ मे

प्रिय लोर्ना,

लखोटा सापडत नाही. अडतीस वर्षांची कागदपत्रे आहेत, शोधतो आहे.

थंडी लवकर पडली आहे. सकाळी नदीवरून धुके चढते आणि दहापर्यंत हलत नाही. तुझ्या मावशीला एक निरोप दे. तिची जनावरे रोज सकाळी उताराशी येऊन उभी राहतात. पाणी पीत नाहीत, चरत नाहीत. तांबडी अंगे धुक्यात दिसत नाहीत. नुसती पांढरी तोंडे एका ओळीत टांगल्यासारखी दिसतात, आणि ती सगळी माझ्या घराकडे वळलेली असतात. न्याहारीच्या टेबलावरून ते पाहत बसावे लागते. मी ती मोजली आहेत. अकरा आहेत. काल मोजली तेव्हाही अकराच होती. त्यांना तिथून हलवण्यास सांग.

अ‍ॅम्ब्रोज

*

मेलबर्न
१६ मे

काका,

मावशीला निरोप दिला. ती म्हणाली, “म्हाताऱ्याला सांग, डोळे तपासून घे. मार्चमध्ये पुरानं कुंपण वाहून गेलं तेव्हापासून माझं एकही जनावर नदीकाठी नाही. सगळी वरच्या रानात आहेत.” मग मला विचारलं, “किती म्हणाला तो?” मी सांगितलं, अकरा. तिनं फोन ठेवला.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. लखोटा सापडत नाही असं लिहिलंत. काका, तुमच्या कपाटात १९६१ सालच्या मेंढ्यांच्या औषधाची पावती आहे. मी लहानपणी पाहिली आहे. तुमचं काही हरवत नाही.

मावशीनं ठरवलंय. २४ तारखेला समितीनं नाव काढलं तर नुसते गोऱ्हे नाही, गाईसुद्धा विकून टाकणार. कुठल्याही नावाशिवाय सरसकट कत्तलखान्यात. ब्रिजिड पुन्हा खाणीचे अर्ज भरतेय. म्हणजे बाबांनी मागे ठेवलेलं जे काही जिवंत आहे, ते जुलैत संपेल.

यापुढे मी लिहिणार नाही. लिहायचं आहे ते तुमच्याकडे आहे.

लोर्ना

*

ग्लेनमूर
१४ जून

प्रिय लोर्ना,

सोबत तीन वस्तू आहेत: जुनिपरच्या केसांचा मोहोरबंद लखोटा, एक पावती, आणि समितीला लिहिलेल्या पत्राची प्रत. मूळ पत्र मी आज सकाळी स्वतः नेऊन दिले. लखोटा हरवला नव्हता. तू बरोबर होतीस.

गेल्या रविवारी, म्हणजे ९ तारखेला, ऊना ब्रोगन येथे आली. गुरांचा ट्रक तिने माझ्या फाटकात आडवा लावला आणि कर्णा वाजवत राहिली. मी बाहेर गेलो.

“ये, ये,” ती म्हणाली. “पाकीट बघून तुझं भागत नाही ना? म्हणून आख्खी गाय आणलीय.”

मागच्या खणात ती गाय उभी होती. छायाचित्रातलीच. मी म्हणालो, “ऊना, ट्रक बाजूला घे. हा सार्वजनिक रस्ता आहे.”

“असू दे. तारीख माहीत आहे ना आजची? तारखांचा मोठा शहाणा ना तू? मग हिच्याकडे बघ आणि मला सांग, ही कुणाची.”

“नोंदीप्रमाणे...”

“नोंद घाल चुलीत! डेस त्या दिवशी पाण्यात उतरला तेव्हा मी पलीकडच्या काठावर होते, अ‍ॅम्ब्रोज. अकरा गाई होत्या. एकेक करून अकराही माझ्या काठाला लागल्या. शेवटची जुनिपर, तिला तो मागून ढकलत होता. ती वर चढली. मी त्याच्यासाठी हात पुढे केला आणि हातात काहीच आलं नाही. सदतीस वर्षं मी एक शब्द बोलले नाही, बहिणीचं सासर म्हणून. आता सांग, तुला धुक्यात कोण दिसतं ते.”

गाईने मान वळवून माझ्याकडे पाहिले. लोर्ना, ती मला ओळखते असे मला वाटले नाही. ते म्हातारीने म्हणावे. तिला मी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नाही, तिच्या लेखी मी कुंपणापाशी उभा असलेला एक माणूस होतो, आणि ती वैरणीची वाट पाहत होती. इतक्या निर्मळ नजरेने माझ्याकडे कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते. मला ते सहन झाले नाही.

ऊना ट्रक वळवून निघून गेली. मी घरात आलो आणि कपाट उघडले.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. त्या सप्टेंबरात मी सिडनीला होतो, मंडळाच्या वार्षिक सभेला. नोंदी काटेकोर कशा ठेवाव्यात, यावर माझे भाषण होते. परतलो तेव्हा सेनेटर कुरणात होता. मी त्याला पाहिले. पाहिले, लोर्ना, डोळ्यांनी पाहिले. पण मालकीचा कागद आलेला नव्हता, आणि कागदाशिवाय नोंद करायची नाही, हा माझा नियम होता. कागद १ नोव्हेंबरला आला. मी त्या तारखेची नोंद केली. पुढे जुलैत वासरू जन्मले तेव्हा मी वही उघडली आणि वहीवर विश्वास ठेवला. डेस आवारात ओरडत होता तेव्हा मला खरोखरच वाटत होते की तो खोटे बोलतो आहे. आपण जे लिहिले नाही ते घडले नाही, असे मानण्याची सवय मला तोवर लागली होती. हे समर्थन नव्हे. घडले ते असे.

यापुढचे मात्र चूक या शब्दात बसत नाही.

वगळलेल्या गाई सामाईक कुरणात ठेवता येत नसत. मी डेसला मुदत दिली, मग दुसरी दिली, आणि अखेरीस कत्तलखान्याचा ट्रक मीच बोलावला. ९ जूनच्या सकाळी तो माझ्याकडे आला. तीन दिवस पाऊस चालू होता. दारातच उभा राहून म्हणाला, “दादा, पाणी उतरेपर्यंत थांब. चार दिवस. मी त्यांना ऊनाकडे नेतो, मग तुझ्या कुरणात त्या दिसणार नाहीत.” मी म्हणालो, “ट्रक दुपारी येईल. चार दिवस हे चार महिने झाले आहेत.” तो म्हणाला, “तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.” मी दार लावले. माझा चहा निवत होता.

सोबतची पावती मला ४ फेब्रुवारी १९८८ रोजी सेनेटरच्या विमापत्राच्या पाठीला टाचलेली सापडली. ट्रकवाल्याची पावती आहे: ‘एक वळू, ग्लेनमूर येथे उतरवला, २८ सप्टेंबर १९८५.’ खाली घेणाऱ्याची सही आहे, डे. हार्कनेस. डेसला तिचा पत्ता नव्हता. माझ्या कपाटात त्याने कधी हात घातला नाही, आणि चौकशीच्या वेळी मी स्वतः ते उघडले नाही, कारण मला उत्तर ठाऊक होते.

तेव्हाच मंडळाला कळवता आले असते. मी स्वतःला सांगितले की डेस आता नाही, त्याला याचा काय उपयोग. तुझी आई होती. तू होतीस. पण मग मला हे सांगावे लागले असते की ट्रक कोणत्या गाईंसाठी आला होता. मी पावती पुन्हा टाचून ठेवली. नष्ट केली नाही. तेवढेही धैर्य नव्हते.

मार्चअखेर पाकिटावर ते तोंड दिसले आणि मी काय केले, हे तू जाणतेस. दुकानातून परत येताना गाडीतच माझ्या मनात पत्राचा मजकूर तयार होता. तो वंश पुन्हा एकदा वगळला जावा, म्हणजे मला त्याच्याकडे पाहावे लागणार नाही. समितीला प्रत पाठवताना हे मला माहीत होते.

केसांची तपासणी अवश्य कर, पण समितीला तिची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. वंश वगळण्यास आधार केवळ १ नोव्हेंबर ही तारीख होती; ती खोडण्यास पावती पुरेशी आहे. ऊनाच्या आणि त्या दोन घरांच्या जनावरांची नोंद मी स्वतः पुन्हा चढवून दिली आहे. समितीने २४ जूनच्या सभेत हे पत्र मोठ्याने वाचावे, अशी विनंती केली आहे. पहिले वाचले तसेच. मीही सभेला हजर राहणार आहे. ऊनाच्या शेजारी खुर्ची मिळाली तर बसेन. न मिळाल्यास मागे उभा राहीन.

पत्रकातील मजकूर तुला योग्य वाटेल तसा लिही. माझे नाव गाळ. तारखा मात्र पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात. यांत माझ्या आधीच्या पत्रांतील चुकाही आल्या आहेत.

अ‍ॅम्ब्रोज

सेनेटर ग्लेनमूरला आला: १ नोव्हेंबर १९८५ नव्हे, २८ सप्टेंबर १९८५. गाईंत सोडला, २९ सप्टेंबर.

जुनिपरचा जन्म: १८ जुलै १९८६. ही तारीख बरोबर होती. वळू गाईंत सोडल्यापासून दोनशे ब्याण्णव दिवस. हिशेबात कोणतीही उणीव नाही.

वंश वगळला: १४ ऑक्टोबर १९८६. कारण ‘पैदासकाराची खोटी नोंद’ असे लिहिले होते. खोटी नोंद अधिकाऱ्याची होती.

९ जून १९८७: माझ्या २० एप्रिलच्या पत्रात ‘अपघात’ असा शब्द आहे. तो काढावा. त्या दिवशी ट्रक दुपारी यायचा होता आणि तो मी बोलावला होता.

४ फेब्रुवारी १९८८: पावती सापडली. कोणालाही सांगितले नाही.

१४ जून २०२४: नोंद पूर्ववत केली, सदतीस वर्षे आठ महिन्यांनंतर. जुनिपर, मादी. जन्म १८ जुलै १९८६. पिता सेनेटर. पैदासकार: डेस्मंड हार्कनेस.